लो-ग्रेड बी-सेल लिम्फोमा रिपोर्ट करताना या चुका टाळा

स्लाइड ठेवली की लगेच मायक्रोस्कोपचा ४०एक्स फिरवायचा, ही सवय आधी मोडा. या लिम्फोमांमध्ये, म्हणजे बी-सेल या पांढऱ्या पेशींच्या सहसा सावकाश वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये, पेशी सगळ्या बारीक आणि जवळपास सारख्याच दिसतात, त्यामुळे न्यूक्लियसकडे कितीही टक लावून बसलात तरी हाती फार काही लागत नाही. आधी ४एक्सवर अख्खा लिम्फ नोड बघा. फॉलिकल (बी-सेलचे गोल पुंजके) एकमेकांना खेटून बसलेत, त्यांच्याभोवतीचं कडं म्हणजे मँटल गायब आहे, कॅप्सूलबाहेरच्या चरबीतही तेच गोळे आहेत, तर फॉलिक्युलर लिम्फोमा डोक्यात यायला हवा. गर्द निळ्या पसाऱ्यात मधेमधे फिकट धूसर ठिपके असतील तर ती प्रोलिफरेशन सेंटर्स (पेशी वाढण्याच्या जागा), म्हणजे एसएलएल, स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा. लाइट जरा कमी करा, लगेच उठून दिसतात, आणि ४०एक्सवर गेलात की हेच ठिपके हरवतात.

नॉर्मल फॉलिकल कांद्यासारखा असतो, आत जर्मिनल सेंटर, त्याभोवती मँटल, बाहेर मार्जिनल झोन, आणि लिम्फोमांची नावंही तिथूनच आलीत. १९८२ च्या वर्किंग फॉर्म्युलेशन या वर्गीकरणात पेशीचा आकार आणि पॅटर्न एवढंच धरलं होतं, त्यात मँटल सेल लिम्फोमाला स्वतःचं नावच नव्हतं. १९९४ च्या रिअल वर्गीकरणाने दिसणं, मार्कर (स्टेन लावून दिसणारी पेशीची ओळखीची प्रथिनं), जीन्स आणि पेशंटचा आजार सगळं एकत्र धरलं तेव्हा कुठे तो वेगळा झाला.

आणि सगळ्यात महागात पडणारी चूकही या मँटल सेलचीच. बारीक पेशी, बी-सेलचा मार्कर सीडी२० पॉझिटिव्ह, एसएलएल आणि मँटल सेल दोन्हींत येणारा सीडी५ पॉझिटिव्ह, झालं, एसएलएल लिहून मोकळे! रेसिडेंट असताना बाहेरून आलेला असाच एक ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) मी पुन्हा कापायला लावला होता, स्टेनच्या पॅनेलमध्ये मँटल सेलचा मार्कर सायक्लिन डी१ लावलेलाच नव्हता, लावला तर पेशींची न्यूक्लियस तपकिरी, म्हणजे पॉझिटिव्ह झाली. मँटल सेल दिसायला लो-ग्रेड असला तरी बहुतेकदा वागत तसा नाही, ट्रीटमेंटच बदलते, म्हणून सीडी५ पॉझिटिव्ह आला की सायक्लिन डी१ लावायचाच. निगेटिव्ह आला तर आधी रक्तवाहिन्यांच्या एंडोथेलियमची (आतल्या अस्तराची) न्यूक्लियस बघा, ती एरवी पॉझिटिव्ह असतात, तीही कोरी असतील तर स्टेनच नीट झालेला नाही. स्टेन चांगला आहे पण शंका जात नाही, तर मँटल सेलचा दुसरा मार्कर सॉक्स११ लावा.

बीसीएल२ (पेशीला मरू न देणारं प्रथिन) पॉझिटिव्ह म्हणजे फॉलिक्युलर, हेही मनातून काढा. मँटलच्या नॉर्मल पेशी आणि टी-सेल पॉझिटिव्हच असतात, शिवाय बाकीचे बरेच बारीक-पेशी लिम्फोमाही. प्रश्न फक्त जर्मिनल सेंटरच्या आतल्या बी-सेलचा आहे. रिअॅक्टिव्ह फॉलिकलमध्ये मधला गोळा कोरा आणि भोवती तपकिरी कडं दिसतं, फॉलिक्युलर लिम्फोमात बहुतेकदा गोळाच तपकिरी होतो. थोड्या केसेसमध्ये तो निगेटिव्हही येतो, म्हणून सीडी१० आणि बीसीएल६ हे जर्मिनल सेंटरचे मार्कर सोबत वाचा.

सीडी५ नाही, सीडी१० नाही, म्हणून मार्जिनल झोन, असं बऱ्याच रिपोर्टमध्ये असतं. पण मग लिम्फोप्लाझ्मासायटिक लिम्फोमाचं काय? प्लाझ्मा सेलकडे (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींकडे) झुकलेल्या पेशी असतील तर सीरममधला आयजीएम, म्हणजे ती अँटिबॉडी किती आहे ते विचारा, एमवायडी८८ जीनची म्युटेशन टेस्ट करून घ्या. पोटातल्या माल्ट लिम्फोमात (अस्तरात होणाऱ्या मार्जिनल झोन लिम्फोमात) ग्रंथींत घुसलेल्या लिम्फोसाइट्स शोधा आणि हेलिकोबॅक्टर हा जंतू आहे की नाही ते रिपोर्टमध्ये लिहाच, कारण नुसत्या अँटिबायोटिक्सनी हा लिम्फोमा ओसरू शकतो हे १९९३ मध्येच दाखवलं गेलंय. ११;१८ ट्रान्सलोकेशन (११ आणि १८ क्रोमोसोममधली अदलाबदल) असेल तर मात्र तो सहसा ओसरत नाही.

आपल्याकडे अजून एक होतं, मानेत गाठ दिसली की टीबी धरून चालायचं, फारतर एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी काढून तपासणं. सुईत पेशी येतात, रचना येत नाही, आणि या आजारांत रचनेशिवाय काम अडतं. सर्जनला आधीच फोन करून अख्खा नोड मागा, तोही सगळ्यात मोठा किंवा भराभर वाढणारा, हाताला लागला तो छोटा नको. आणि नोड आला की तसाच फॉर्मालिनमध्ये टाकू नका, दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या करून मग टाका, नाहीतर आतला भाग कच्चा राहतो आणि इम्युनो (मार्करचे स्टेन) फक्त कडेकडेला चांगला चालतो.