‘समजावलं’ म्हणजे ‘कन्व्हिन्स्ड’ नव्हे: गळ घालण्याची इंग्रजी क्रियापदं कशी निवडावीत

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी साहेबांना ईमेल पाठवला होता: ‘आय कन्व्हिन्स्ड द क्लायंट अ लॉट, बट ही डिड नॉट अग्री.’ एका ओळीचं उत्तर आलं, ‘मग कन्व्हिन्स केलंस कुणाला?’ मला म्हणायचं होतं, त्याला खूप समजावलं. लिहून बसलो होतो, त्याला पटवलं, पण त्याला पटलं नाही.

तेव्हापासून असं इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी मी एक प्रश्न विचारतो, आणि तीच पहिली पायरी: समोरच्यानं शेवटी ऐकलं का?

मराठीत हा फरक आपण न शिकता पाळतो. समजावलं, विनवलं, गळ घातली, आग्रह केला, या सगळ्यांपुढे ‘पण तो बधला नाही’ खुशाल जोडता येतं. पटवलं, राजी केलं, मन वळवलं यांच्यापुढे नाही जोडता येत. मन वळवलं म्हणजे वळलंच. इंग्रजीतही असेच दोन गट आहेत. ‘अर्ज’ (urge, आपला विनंतीअर्ज नव्हे), ‘एन्करेज’, ‘नॅग’ यांत नुसता प्रयत्न. ‘पर्स्वेड’, ‘कन्व्हिन्स’, ‘टॉक इंटू’ यांत फत्ते. फत्ते झाली नसेल तर आधी ‘ट्राइड टु’ लावा, की वाक्य सुटलं. माझा ईमेल ‘आय ट्राइड टु कन्व्हिन्स द क्लायंट’ एवढ्यानं वाचला असता.

‘खायला लावलं’, ‘यायला लावलं’ यातलं ‘लावलं’ही फत्तेचंच. त्याला बोलीभाषेत ‘मेड’ किंवा ‘गॉट’. ‘मेड’नंतर ‘टु’ येत नाही (‘शी मेड मी ईट’), ‘गॉट’नंतर येतो (‘शी गॉट मी टु ईट’). हे पाठच करावं लागतं.

मग बघा, डोक्याला पटलं की पाय हलले? ‘कन्व्हिन्स’ मुळात पटण्याचं, ‘पर्स्वेड’ करायला राजी होण्याचं. सिगारेट वाईट हे माझ्या एका मित्राला पूर्ण पटलेलं आहे. ती सोडायला अजून कुणी त्याला राजी करू शकलेलं नाही. म्हणजे ही इज कन्व्हिन्स्ड, बट नोबडी हॅज पर्स्वेडेड हिम टु क्विट. आजकाल ‘कन्व्हिन्स्ड हिम टु गो’ही सर्रास चालतं, शब्दकोशांनीही ते स्वीकारलंय. तरी फरक माहीत असलेला बरा.

आता रीत. कशानं वळवलं, किंवा वळवायला पाहिलं? लाडीगोडीनं, हळूहळू, तापातल्या पोराला दोन घास भरवावेत तसं, तर ‘कोक्स’. त्यात खुशामत मिसळली की ‘कजोल’. एकच गोष्ट रोज उठून कानाशी, तर ‘नॅग’, भुणभुण. वर्तमानपत्रातलं ‘नागरिकांना आवाहन’ म्हणजे ‘सिटिझन्स आर अर्ज्ड टु’. यातला माझा आवडता शब्द ‘गोड’, आपल्या गोडाशी काडीचा संबंध नसलेला. बैल हाकायची, टोकाला आर बसवलेली जी पराणी, तिचंच हे इंग्रजी नाव. डिवचून डिवचून माणसाला काहीतरी करायला लावणं म्हणजे ‘गोड समवन इंटू’. ‘एग ऑन’चं मात्र अंड्याशी काही नातं नाही, तो जुन्या नॉर्स भाषेतला चिथावण्याचा शब्द, ‘एज’ म्हणजे धार, तिचा भाऊबंद. गल्लीतल्या भांडणात ‘हाण, हाण’ म्हणणारे करतात ते.

शेवटी चौकट तपासा, म्हणजे क्रियापदापुढे काय जोडता येतं ते. आपली सगळ्यात जास्त पंचाईत इथेच होते, आणि तीही ‘आग्रहा’पायी. लग्नाची पंगत. मी पानावर दोन्ही हात आडवे धरलेले, आणि काकू बोटांच्या फटीतून जिलेबी सोडतायत: ‘एकच रे, माझ्यासाठी.’ हे सांगताना आपण म्हणतो, ‘शी इन्सिस्टेड मी टु ईट’. चूक. ‘इन्सिस्ट’ माणसाला थेट चिकटत नाही. ‘शी इन्सिस्टेड दॅट आय ईट वन मोअर’ म्हणा, किंवा ‘शी इन्सिस्टेड ऑन सर्व्हिंग मी वन मोअर’. ‘सजेस्ट’ची खोड तीच: ‘ही सजेस्टेड मी टु गो’ नाही, ‘ही सजेस्टेड दॅट आय गो’. ‘अर्ज’, ‘पर्स्वेड’, ‘एन्करेज’ यांना मात्र ‘मी टु ईट’ खुशाल जोडा. म्हणून ‘इन्सिस्ट’ अडलं की मी सरळ ‘अर्ज’वर जातो, काकूंचा जोर थोडा कमी भरतो, पण व्याकरण वाचतं.

कुणाला एखाद्या गोष्टीपासून परावृत्त केलं असेल तर ‘डिस्वेड’, आणि पुढे ‘टु’ नाही, ‘फ्रॉम’: ‘आय डिस्वेडेड हिम फ्रॉम रिझाइनिंग’. पण गप्पांत हा शब्द ‘परावृत्त’इतकाच जड वाटतो. चहाच्या टपरीवर ‘आय टॉक्ड हिम आउट ऑफ इट’ म्हणून मोकळे व्हा.