हातात जोर कमी असेल तर स्वयंपाकघरातली कामं कशी करावीत

बरणीचं झाकण हलत नाही, भरलेलं पातेलं उचलताना मनगट कळवळतं, भोपळ्यात सुरी मध्येच रुतून बसते. अशा वेळी आपण दात-ओठ खाऊन आणखी जोर लावतो आणि मग संध्याकाळभर हात ठणकतो. खरं तर बोटांवरचा भार तळहातावर, दंडावर किंवा थेट ओट्यावर टाकता आला, तर बरीचशी कामं आहे त्याच ताकदीत होतात.

आधी नेमकं काय अडतंय ते पाहा

दोन-तीन दिवस नुसतं लक्ष ठेवा. त्रास चिमटीत धरताना होतो, पिळताना-फिरवताना होतो की वजन उचलताना? उपाय त्यावर ठरतो. यात चिमटीची पकड सगळ्यात वाईट. अंगठ्याच्या टोकाने १ किलोचा दाब दिला, तर अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा भार पडतो. बारीक दांड्याचं सोलाणं किंवा चिमटीत धरायची छोटी सुरी हाताला का शिणवते, ते यातून कळतं. दांडा जाड करा: जुनं फडकं गुंडाळून चिकटपट्टी लावली किंवा फोमची नळी चढवली तरी चालतं. ‘ऑक्सो’ कंपनीची जाड, मऊ मुठीची अवजारं १९९० साली बाजारात आली, ती याच गरजेतून. कंपनीचे संस्थापक सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवातामुळे सोलाणं धरणं जड जात होतं.

बरणी उघडताना

नवी बरणी घट्ट बसते ती आतल्या पोकळीमुळे. पदार्थ गरम असताना झाकण लावतात, तो निवला की आतली वाफ आकसते आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. म्हणजे इथे भांडण हवेशी आहे, झाकणाच्या आट्यांशी नाही. चमच्याचं टोक झाकणाची कड आणि काच यांच्यामध्ये घालून हलकेच बाहेरच्या बाजूला उचला. ‘टक्’ असा आवाज आला की हवा आत गेली. आता झाकण सहज फिरेल. जोराने उचकटू नका, काचेचा टवका उडू शकतो.

तरीही हललं नाही, तर अशी पद्धत वापरा:

१. बरणीखाली ओलं फडकं ठेवा, म्हणजे ती जागेवरून सरकणार नाही.
२. रबरी हातमोजा घाला. घसरण थांबली की निम्मं काम होतं.
३. बोटांनी झाकण कवटाळू नका. तळहात वरून दाबा, कोपर सरळ ठेवा आणि खांद्यातून, अंगाचा भार देत फिरवा.
४. शक्यतो उजव्या हाताने उघडा आणि डाव्याने बंद करा. असं केलं की ओढ अंगठ्याच्या बाजूला जाते, करंगळीकडे नाही. संधिवात असलेल्यांनी हे आवर्जून पाळावं.

एकदा उघडलेली बरणी पुन्हा अडत असेल, तर दोष बहुधा आट्यांवर वाळलेल्या चिकट पदार्थाचा. झाकणावर गरम पाणी सोडा. मात्र फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या काचेवर गरम पाणी पडू देऊ नका, ती तडकते. पुढच्या वेळी बंद करण्याआधी कडा पुसा. रोज लागणाऱ्या वस्तू अलगद उघडणाऱ्या झाकणाच्या डब्यात काढून ठेवणं त्याहून बरं.

पत्र्याच्या बंद डब्याच्या ओढायच्या कडीत नख घालू नका. चमच्याचा दांडा घाला आणि तरफेसारखा दाबा.

चिरताना

महागड्या यंत्रांआधी सुरीला धार लावा. बोथट सुरीला जोर जास्त लागतो आणि ती निसटतेही लवकर. पाटाखाली ओलं फडकं घाला. टणक भोपळा कच्चा चिरण्याचा हट्ट सोडा. त्याला सुरीने काही भोकं पाडून मायक्रोवेव्हमध्ये दोन-तीन मिनिटं गरम करा, साल मऊ पडते. बाहेर काढताना जपून, आतून तो चांगलाच तापलेला असतो. आणि हो, आधीच चिरलेली भाजी विकत घेणं हा आळस नव्हे.

उचलताना, गाळताना, पिळताना

भरलेलं पातेलं उचलण्यापेक्षा रिकामं पातेलं शेगडीवर ठेवा आणि पाणी तांब्याने घाला. उकडलेले पदार्थ झाऱ्याने किंवा आत ठेवलेल्या जाळीच्या टोपलीतून काढा, म्हणजे गरम पाण्याचं भांडं कलंडवावं लागत नाही. जड वस्तू ओट्यावरून सरकवत न्या. दोन कान असलेली भांडी एका दांड्याच्या भांड्यापेक्षा सोयीची. फडकं पिळण्याऐवजी सिंकच्या तळाशी तळहाताने दाबून पाणी काढा.

डॉक्टरांकडे कधी जावं

रात्री अंगठा आणि त्याशेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील, सांधे सुजत असतील, सकाळचा ताठरपणा अर्धा तास उलटूनही जात नसेल किंवा हातातून वस्तू वारंवार निसटत असतील, तर तपासणी करून घ्या. एका हातातला जोर अचानक गेला आणि सोबत तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा. बाकीच्या तक्रारींसाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टचा, म्हणजे रोजची कामं सोपी करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञांचा, सल्ला उपयोगी पडतो. ते अंगठ्याला आधार देणारा पट्टा आणि हाताला झेपतील असे व्यायाम सुचवतात. जाताना अडणाऱ्या कामांची यादी आणि शक्य असेल तर ते नकोसं झालेलं सोलाणंही सोबत न्या.