बुजरी, भिडस्त की मुखदुर्बळ? ऑटिस्टिक तरुणांच्या गटात पहिल्यांदा जाताना

पहिल्या वेळी मी गटाच्या खोलीपर्यंत पोचलेच नाही. जिना चढले, आतून हसण्याचा आवाज आला आणि तशीच खाली उतरले. दुसऱ्या वेळी आत गेले, वीस मिनिटं बसले, एक शब्द बोलले नाही. तिसऱ्या वेळी बोलले, आणि ते पहिल्या दोन्ही वेळांपेक्षा वाईट झालं. ते पुढे सांगतेच. आता त्या गटात जाऊन तीन वर्षं होतील, तरी जिन्यात अजून छाती धडधडते. त्यामुळे लाज कायमची घालवायचा उपाय माझ्याकडे मागू नका. धडधडत्या छातीने आत कसं जायचं आणि गेल्यावर काय करायचं, एवढं मात्र मला आता जमतं.

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. मला हा शब्द आवडत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, ही आपल्यातच रमलेली, हिला माणसं कशाला हवीत? तेविसाव्या वर्षी माझं निदान झालं तेव्हा एका नातेवाइकांनी हेच विचारलं होतं. मला माणसं हवी होती, सुरुवात कुठून करायची ते कळत नव्हतं. पण लाजण्याच्या बाबतीत मात्र आपली भाषा श्रीमंत आहे, आणि त्याचा इथे फार उपयोग होतो. बुजरी, भिडस्त, मुखदुर्बळ हे तिन्ही शब्द आमच्या घरी माझ्यासाठी एकाच अर्थाने वापरले जायचे. खरं तर त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बुजणं म्हणजे नव्याला घाबरणं, वासरू अनोळखी माणसाला बुजतं तसं. मुखदुर्बळ माणूस घाबरलेला असेलच असं नाही. वाक्य डोक्यात तयार असतं, तोंडातून निघत नाही. आणि भिडस्ताला बोलता सगळं येतं, फक्त 'नाही' म्हणता येत नाही.

आपल्यात यातलं काय आणि किती आहे, ते आधी ओळखा. तिन्हींची औषधं वेगळी आहेत. मला सगळे सांगायचे, "चार लोकांत बोलायला लाग, आपोआप भीड चेपेल." माझ्यात बुजरेपणाच जास्त होता. बोलायला लागून तो कमी होत नाही, वाढतो.

बुजणाऱ्यांसाठी

नवेपणा जितका घरबसल्या संपवता येईल तितका संपवा. जाण्याच्या आठवडाभर आधी गट चालवणाऱ्या ताईला किंवा दादाला मेसेज करा. फोन करायची गरज नाही. साधारण किती जण येतात, ओळखीची फेरी असते का, मध्येच उठून गेलं तर चालतं का, शांत बसायला वेगळी जागा आहे का, हे विचारा. खोलीचा फोटो मागा. मागायला विचित्र वाटेल, पण ऑटिस्टिक लोकांचा गट चालवणाऱ्याला या प्रश्नाचं आश्चर्य वाटलं, तर तेही तुम्हाला काहीतरी सांगून जाईल. जमलं तर आदल्या दिवशी त्या इमारतीपर्यंत नुसतं जाऊन या. मी गेले होते. जिन्याला किती पायऱ्या आहेत ते मोजून आले.

दहा मिनिटं लवकर पोचा. मला आधी उलटं वाटायचं, की उशिरा जाऊन मागे गुपचूप बसावं. पण उशिरा दार उघडलं की बारा माना एकदम वळतात. लवकर गेलं तर माणसं एकेक करून येतात, आणि तुम्ही आधीपासून तिथल्या असता. बुजायची पाळी त्यांची.

खुर्ची निवडणं हे खरं कौशल्याचं काम. त्या दुसऱ्या वेळी वीस मिनिटांत उठले ते लाजेमुळे, अशी माझी कित्येक महिने समजूत होती. मग एकदा त्याच खुर्चीवर बसले आणि लक्षात आलं की डोक्यावर करकरणारा पंखा आहे. लाजबीज काही नव्हतं, पंखा होता. ऑटिस्टिक माणसाच्या अंगावर आवाज, उजेड, वास चढत जातात, आणि त्या वेळी पळून जावंसं वाटतं ते अगदी लाजेसारखंच असतं. म्हणून 'मला लोकांत जमत नाही' असा निकाल देण्याआधी जागा बदलून बघा. पाठ भिंतीला, दार दिसेल असं, पंखा आणि लुकलुकणाऱ्या ट्यूबपासून लांब.

मुखदुर्बळांसाठी

आता ती तिसरी वेळ. इंटरनेटवर वाचून मी गप्पा सुरू करायचे अकरा प्रश्न पाठ केले होते. शेजारच्या मुलाला ते ओळीने विचारले. चार मिनिटांत संपले. तो जरा थांबला आणि म्हणाला, "मी पास झालो का?" टोमणा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी उठून बाथरूममध्ये जाऊन बसले.

तेव्हापासून प्रश्न नेत नाही, वस्तू नेते. मला गाठींचा नाद आहे, म्हणून हातभर सुती दोरी पिशवीत असते. सुरगाठ मारायची, सोडायची, निरगाठ मारायची, नखांनी उकलत बसायचं. हाताला चाळा मिळाला की डोकं शांत होतं. मग एक दिवस एका मुलीने शेजारी बसून विचारलं, "ही ओढली की सुटते ना?" पुढचा अर्धा तास आम्ही दोरीकडे बघत बोललो, एकमेकींकडे एकदाही नाही. तुमची दोरी काहीही असू शकेल: चित्रांची वही, नकाशा, बसचं वेळापत्रक, नाण्यांची पुडी. जे दाखवताना बोलावं लागणार नाही, पण बोलावंसं वाटेल, असं काहीतरी.

ओळखीच्या फेरीसाठी दोन वाक्यं कागदावर लिहून न्या. माझी होती: नाव, आणि 'आज मी फक्त ऐकणार आहे.' तेवढ्यावर भागतं. आवाजच फुटला नाही तर कागद पुढे करा, किंवा मोबाइलवर टाइप करून दाखवा. प्रश्नाचं उत्तर यायला वेळ लागत असेल तर "थांब, येतंय" एवढंच म्हणा. समोरचा थांबतो, कारण बहुतेक वेळा त्यालाही तसंच होतं.

नजरेला नजर देणं, वेळेवर हसणं, हात स्थिर ठेवणं ही बाहेरची सक्ती या खोलीत दारात काढून ठेवा. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. 2012 मध्ये त्यांनी मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर लोकांमधली गल्लत ही दुतर्फा असते. आपल्याला ते कळत नाहीत तसे त्यांनाही आपण कळत नाही. मग कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये आठ-आठ जणांच्या साखळ्या करून कानगोष्टींसारखी एक गोष्ट पुढे पाठवायला लावली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच चांगली पोचली, जितकी सगळे बिगरऑटिस्टिक असलेल्या साखळीत. मिश्र साखळ्या मागे पडल्या. पुढे जास्त लोकांवर केलेल्या चाचणीत मिश्र साखळ्यांचा तो फरक दिसला नाही, म्हणून मी त्यावर फार इमले बांधत नाही. पण 'तुला संवादच जमत नाही' हे वाक्य लहानपणापासून ऐकलेल्या मला पहिला अर्धाच भाग पुरला.

एक गोष्ट मात्र कडक सांगते. सामाजिक भीतीवर 1995 मध्ये डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी जी मांडणी केली, तिच्यात दोन मुद्दे आहेत. भित्र्या माणसाचं सगळं लक्ष स्वतःवर खिळतं, 'मी कशी दिसतेय, हात कुठे ठेवू.' आणि तो लपायच्या युक्त्या करतो, ज्यांनी भीती टिकून राहते. आमच्या बाबतीत गोची अशी, की लपायची युक्ती आणि खरी गरज बाहेरून सारखीच दिसतात. हेडफोन घेतलात? स्वतःला विचारा: खोलीत कोणीच नसतं आणि आवाज एवढाच असता, तर मी ते घातले असते का? हो, तर खुशाल घाला. 'कोणी बोलू नये म्हणून घातलेत' असं उत्तर आलं, तर पाच मिनिटं काढून ठेवा आणि बघा काय होतं. लक्ष स्वतःवरून हटवायला सोपं काम द्या: कोणाच्या चपला कोणत्या, कोण काय हातात खेळवतंय.

भिडस्तांसाठी थोडक्यात

जायची वेळ घरूनच ठरवा, पहिल्यांदा अर्धा तास पुरे. निघायचं वाक्य तयार ठेवा: "मी निघते, पुढच्या वेळी येईन." कारण सांगू नका, कारण दिलं की लोक त्यावर तोडगा काढतात. मिठी, मोबाइल नंबर, घराचा पत्ता, पैसे यांना पहिल्या काही भेटींत सरसकट 'आत्ता नको.'

अमेरिकेत जिम सिंक्लेअर आणि इतर ऑटिस्टिक लोकांनी 1996 मध्ये ऑट्रीट नावाची निवासी शिबिरं सुरू केली. तिथे छातीवर लावायचे रंगीत बिल्ले वापरले जायचे. लाल म्हणजे कोणीच बोलू नका, पिवळा म्हणजे फक्त ओळखीच्यांनी बोला, हिरवा म्हणजे मला बोलायचंय, पण सुरुवात जमत नाही, तुम्ही या. हिरव्याचा तो अर्थ पहिल्यांदा वाचला तेव्हा मला रडू आलं होतं. तुमच्या गटात बिल्ले नसतील तर सुचवा. रंगीत कागद आणि टाचण्या, एवढाच खर्च.

घरी आल्यावर

दुसरा दिवस मोकळा ठेवा. गट कितीही आवडला तरी थकवा येतो. रात्री डोक्यात सगळ्या वाक्यांची उजळणी सुरू होईल. मी वहीत दोन रकाने करते: 'घडलं' आणि 'मला वाटलं.' पहिल्यात 'तो खिडकीकडे बघत होता.' दुसऱ्यात 'त्याला कंटाळा आला.' दुसरा रकाना नेहमी लांब असतो, आणि सकाळी वाचला की बराचसा खोटा वाटतो. परत जायचं की नाही हे त्या रात्री ठरवू नका. एका गटाला तीन भेटी द्या. त्यानंतरही जमलं नाही तर सोडा. आणि तिथे तुमच्या डोक्यावरून तुमच्याविषयी पालकांशीच बोललं जात असेल, किंवा हात हलवले म्हणून टोकलं जात असेल, तर पहिल्याच दिवशी सोडा.

घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दारात पाऊल टाकताच 'किती जणांशी बोललीस?' असं विचारू नका. माझ्या आईला हे दोनदा लिहून द्यावं लागलं. आता ती विचारते, "पाणी हवंय?"

आणि हा तो मेसेज. चौथ्या वेळेआधी मी पाठवला होता, हवा तर उचला:

"ताई, मी रविवारी येते आहे. मी दहा मिनिटं लवकर येईन आणि अर्ध्या तासाने जाईन. मला अनोळखी जागेत बोलायला वेळ लागतो. पंख्याच्या आवाजाचा त्रास होतो. कदाचित मी काहीच बोलणार नाही. चालेल का?"

तिचं उत्तर: "चालेल. खिडकीजवळची खुर्ची तुझी. तिथला पंखा बंदच पडलाय."