चेहऱ्याचं फॅट ग्राफ्टिंग शिकायचं असेल तर

सोलापुरात वैशंपायन मेडिकल कॉलेजची मुलं भेटली की हमखास विचारतात, "सर, प्लास्टिक सर्जरी घेऊ का?" वाट लांब आहे. एमबीबीएसनंतर तीन वर्षं जनरल सर्जरीचं एमएस, मग नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा देऊन तीन वर्षं एमसीएच, म्हणजे प्लास्टिक सर्जरीची पदवी. ती तयारी असेल तर पुढचं वाचा.

फॅट ग्राफ्टिंगमध्ये पेशंटच्याच अंगातली चरबी काढून चेहऱ्यात भरतात. हा सुरकुत्या घालवायचा श्रीमंती उद्योग, असं अनेकांना वाटतं. माझ्याकडे अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून पेशंट येतात ते स्टोव्हच्या भडक्यात भाजलेला, ओढला गेलेला गाल घेऊन, किंवा चेहऱ्याची एक बाजू हळूहळू खंगत गेल्यामुळे. हे काम मला फार मोलाचं वाटतं. तुम्हीही सुरुवात अशाच पेशंटपासून करा.

चरबी भरणं नवं नाही. जर्मनीचे सर्जन नॉयबर यांनी 1893 मध्येच ते केलं होतं. पण भरलेली चरबी टिकायची नाही. 1990 च्या दशकात प्लास्टिक सर्जन कोलमन यांनी पद्धतीला शिस्त लावली: छोट्या सिरिंजने हलक्या दाबाने चरबी काढायची, सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात गरगर फिरवून, वरचं तेल आणि खालचं रक्त-पाणी टाकून द्यायचं, मधली चरबी बोथट कॅन्युलाने (बारीक पोकळ नळीने) थेंबाथेंबाने, वेगवेगळ्या थरांत सोडायची. कारण साधं आहे. चरबी जिवंत असते आणि नव्या रक्तवाहिन्या येईपर्यंत शेजारच्या ऊतींतून झिरपणाऱ्या प्राणवायूवर जगते. एकाच जागी गोळा टाकला की मधला भाग मरतो, गाठ होते. भाताची रोपं जशी अंतर राखून लावतात, तसंच.

2013 मध्ये प्लास्टिक सर्जन टोनार्ड आणि सहकाऱ्यांनी नॅनोफॅट मांडलं. दोन सिरिंजमधून चरबी पुन्हा पुन्हा फिरवून, गाळून इतकी पातळ करतात की अगदी बारीक सुईतून जाते. त्यातल्या चरबीपेशी बहुतेक फुटतात, म्हणून त्याने खड्डा भरत नाही. मात्र त्यातल्या मूळपेशींमुळे कातडीचा पोत आणि व्रण सुधारतो, असं मानलं जातं. खड्ड्याला नॅनोफॅट वापरू नका.

पेशंटला आधीच सांगा: "ताई, यातली काही चरबी विरून जाईल, पुन्हा एकदा करावं लागेल." किती विरेल याचा आकडा देऊ नका, तो माणसागणिक बदलतो.

भुवयांच्या मधली जागा आणि नाक इथे जपा. चुकून धमनीत गेलेली चरबी उलट वाहत डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचते आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. फिलरमधल्या (चेहरा भरायला टोचतात त्या तयार जेलमधल्या) हायलुरॉनिक अ‍ॅसिडला विरघळवणारं औषध आहे, चरबीला नाही. म्हणून दाब कमी, कॅन्युला बोथट आणि सतत हलती. एमएसला असतानाच अ‍ॅनाटॉमी विभागात परवानगी काढून चेहऱ्याच्या धमन्या स्वतः डिसेक्ट करा.