रक्ताचा नमुना घेताना तांबड्या पेशी फुटू नयेत म्हणून

सेंट्रिफ्यूजमधून (नमुना वेगाने फिरवून रक्ताचे घटक वेगळे करणाऱ्या यंत्रातून) काढलेल्या ट्यूबमधले सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, फिकट पिवळे दिसायला हवे. ते गुलाबी किंवा लाल दिसले, तर तांबड्या पेशी फुटून त्यांतील हिमोग्लोबिन बाहेर आले आहे, म्हणजेच हिमोलिसिस झाले आहे, असे समजावे. या पेशींच्या आत पोटॅशियमचे प्रमाण सीरमच्या वीसपटींहून अधिक असल्याने थोड्या पेशी फुटल्या तरी अहवालात पोटॅशियम वाढलेले दिसते; एलडीएच आणि एएसटी ही पेशींमधली एन्झाइम्सही वाढतात. याहून घातक म्हणजे, रुग्णाचे पोटॅशियम खरोखर कमी असताना ते अहवालात नेहमीच्या पातळीवर दिसते आणि उपचार राहून जातो.

बहुतेक वेळा पेशी शरीरात नव्हे, तर नमुना घेतानाच फुटतात. त्वचेला लावलेले स्पिरिट पूर्ण वाळू द्यावे, दंडाचा पट्टा एका मिनिटाच्या आत सोडावा आणि प्रौढांसाठी शक्यतो २१ किंवा २२ गेजची (गेज म्हणजे सुईच्या जाडीचे माप) सुई वापरावी. सिरिंजचा दट्ट्या जोराने ओढू नये. रक्त सावकाश येत असेल तर सावकाशच येऊ द्यावे. सिरिंजमधले रक्त सुईतूनच दाबून ट्यूबमध्ये भरण्याची सवय मला सर्वांत वाईट वाटते, कारण अरुंद छिद्रातून दाबाखाली जाताना पेशी फाटतात. ट्यूब हलवून घुसळू नये, हळुवारपणे उलटसुलट करावी. साध्या (रक्त गोठू न देणारे रसायन नसलेल्या) ट्यूबमधले रक्त सुमारे अर्धा तास गोठू द्यावे आणि नमुना थेट बर्फावर ठेवू नये.

एवढी काळजी घेऊन नव्याने काढलेल्या नमुन्याचे सीरमही लाल आले, तर तो नमुना नुसता नाकारून थांबू नये आणि डॉक्टरांना लगेच कळवावे, कारण पेशी शरीरातच फुटत असण्याची शक्यता असते. अशा वेळी हॅप्टोग्लोबिन (सुट्या हिमोग्लोबिनला बांधून घेणारे प्रथिन) घटते, इनडायरेक्ट बिलिरुबिन (हिमोग्लोबिनपासून तयार होणारे पिवळे रंगद्रव्य) आणि रेटिक्युलोसाइट (नव्या, अपरिपक्व तांबड्या पेशी) वाढतात, लघवी गडद रंगाची होऊ शकते. पुढे रक्ताचा स्मिअर (काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला रक्ताचा थर) आणि कूम्ब्ज तपासणी (तांबड्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी) केल्यास मलेरिया, सिकल सेल किंवा स्वतःच्याच पेशींविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे यांचा माग लागतो.

मात्र रुग्णाला रक्त चढवणे चालू असताना थंडी वाजून ताप आला, कंबर दुखू लागली किंवा लघवी लाल झाली, तर कोणत्याही अहवालाची वाट न पाहता रक्त तत्काळ बंद करावे, नळीचा नवीन सेट लावून सलाइनवर शीर चालू ठेवावी आणि रक्ताची पिशवी न टाकता रक्तपेढीकडे परत पाठवावी.