जुन्या सोनेरी चौकटीची डागडुजी घरच्या घरी

दिवाळीच्या साफसफाईत जुन्या सोनेरी चौकटींचं जितकं नुकसान होतं, तितकं पावसाळ्यातही होत नसेल. कारण एकच, ओलं फडकं. चांगल्या चौकटीत लाकडावर खडूची पूड आणि सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला चिकट पदार्थ) यांचे थर असतात, त्यावर तांबूस मातीचा पातळ हात आणि सगळ्यात वर सोन्याचा वर्ख. हे सगळं पाण्यात विरघळणाऱ्या सरसावर उभं असतं. पाणी लागलं की सोनं फडक्यावर येतं.

आधी तसबीर उतरवून जाड टॉवेलवर ठेवा आणि मागचे खिळे काढून चित्र, काच वेगळी करा. रविवर्मा प्रेसच्या देवदेवतांसारखं जुनं छापील चित्र काचेला चिकटलं असेल, तर ओढू नका. ते काम जाणकाराचं.

आता सोनं आहे की सोनेरी रंग, ते पाहा. भिंग घ्या. वर्खाची पानं साधारण ८ सेंमीची असतात आणि कडेला एकमेकांवर थोडी चढवलेली असतात, त्यामुळे ठरावीक अंतरावर बारीक रेघा दिसतात. कंगोरे झिजून खालची लाल माती डोकावत असेल, तर खरं सोनं असण्याची शक्यता बरीच. पितळी पुडीचा रंग कणीदार दिसतो आणि वर्षांनुवर्षांत तपकिरी पडतो. सोनं नुसतं मळतं.

धूळ मऊ, कोऱ्या ब्रशने वरून खाली झटका. पापुद्रे सुटलेत तिथे ब्रशही लावू नका, आधी ते बसवा. सुताराकडचा सरस रात्रभर पाण्यात भिजवा, गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून वितळवा आणि दुधाइतका पातळ करा. उकळू देऊ नका, चिकटपणा जातो. अगदी बारीक कुंचल्याने तो भेगेच्या आत सोडा, पापुद्रा हलकेच दाबा. बाहेर आलेला थेंब पुसायचा नाही, कोरड्या टिश्यूने नुसता टिपायचा. फेविकॉलचा मोह आवरा. सरस पुढे कधीही ऊब आणि ओल देऊन सोडवता येतो, फेविकॉल सहजी निघत नाही.

नक्षीचं पान तुटलं असेल, तर तुकडे शोधा, फेकू नका, त्याच सरसाने जोडा. तुकडा हरवलाच असेल, तर समोरच्या बाजूच्या तशाच पानावर पातळ प्लास्टिक पसरून मातकामाच्या चिकणमातीत अलगद ठसा घ्या. त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओता. वाळल्यावर घासून बसवा आणि आधी विटकरी जलरंग द्या. त्यावर अभ्रकाच्या पुडीचा सोनेरी रंग लावा, कारण तो काळवंडत नाही. रंग फक्त नव्या तुकड्यावरच. अख्ख्या चौकटीला डब्यातला सोनेरी रंग फासणं म्हणजे शंभर वर्षांचं काम पुसणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मागच्या लाकडात बारीक भोकं आणि ताजी पूड दिसली, तर कीड जिवंत आहे. ती चौकट बाकी तसबिरींपासून लगेच वेगळी ठेवा. मोठ्या भागावरचं सोनंच उडालं असेल किंवा चौकट मौल्यवान वाटत असेल, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कलासंवर्धन केंद्रात विचारा.

परत टांगताना मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंतीची ओल थेट लाकडात शिरत नाही. ओल येणारी भिंत, देवघरातला धूर आणि दुपारचं ऊन टाळा. माळ्यावर ठेवायची असेल, तर सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये बांधलीत तर पावसाळ्यात बुरशी ठरलेली.