परदेशात भाड्याची गाडी घेताना आधी ‘एक्सेस’चा आकडा विचारा

आमची केळी रावेर तालुक्यात. केळीचा पीकविमा भरून भरून एक सवय लागली आहे, की काय मिळणार यापेक्षा काय मिळणार नाही ते आधी शोधायचं. थंडीनं बागेला चरका बसला तरी पैसे ठरतात हवामान केंद्राच्या आकड्यावरून, आपल्या बागेकडे बघून नाही. एवढं माहीत असूनही न्यूझीलंडला लेकीकडे गेलो तेव्हा गाडीच्या काउंटरवर मी फसत होतो.

निघण्याआधी जळगाव आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. सारथी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज, पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती, १,००० रुपये फी. मुदत एक वर्ष, पण आपलं लायसन्स त्याआधी संपत असेल तर तिथवरच. न्यूझीलंडला इंग्रजीतलं लायसन्स चालतं, जपानसारख्या देशात मात्र हा परवाना लागतोच. मूळ कार्ड खिशात ठेवा. मोबाइलमधल्या डिजिलॉकरवर तिथं विसंबू नका.

क्राइस्टचर्चला गाडी घ्यायला गेलो. लायसन्स माझं, क्रेडिट कार्ड जावईबापूंचं. काउंटरवरची पोरगी म्हणाली, नाही चालणार. डिपॉझिट अडकवायचं ते चालवणाऱ्याच्याच कार्डावर. मग जावईबापू मुख्य चालक आणि मी जादा चालक, त्याचे रोजचे पैसे वेगळे. ते द्यायचेच. नाव नसलेल्या माणसाच्या हातून गाडी ठोकली तर विमा गेलाच समजा. डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, म्हणून क्रेडिट कार्डाची मर्यादा घरूनच तपासून न्या.

आता विमा. आपल्या घरच्या गाडीची पॉलिसी तिथं कामाची नाही. जादा हप्ता भरून ती वाढते ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीवपर्यंतच. प्रवास विम्यात भाड्याच्या गाडीचं नुकसान धरलंय का, तेही एजंटला स्पष्ट विचारा. ‘सगळं कव्हर आहे’ हे उत्तर घेऊ नका, कलम दाखवायला सांगा.

भाड्यात मूळ विमा असतो, पण त्यात ‘एक्सेस’ असतो. म्हणजे नुकसानीचा पहिला वाटा आपला. आपल्याकडे १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दाव्यामागे १,००० रुपये कापतात, त्यावरच्या गाडीला २,०००. तिथं हाच आकडा हजारो डॉलरचा असतो. मी पेन उघडलं तशी आमची मंडळी मागून म्हणाली, “अहो, न वाचता सही कुठे करू राहिले?” बरं झालं म्हणाली.

एक्सेस कमी करायचे दोन रस्ते. गाडीवाल्यालाच रोजचे जादा पैसे द्यायचे, म्हणजे ठोकली तरी तिथल्या तिथं मिटतं. किंवा बाहेरून वेगळा एक्सेस विमा घ्यायचा. तो बराच स्वस्त पडतो, पण आधी पैसे आपल्या कार्डातून जातात आणि मग पावत्या जोडून मागायचे. कागदपत्रांचा कंटाळा असेल तर पहिलाच रस्ता बरा. आम्ही तोच घेतला.

तरीही काच आणि टायर त्यात नव्हते. लिंडिस पास या घाटाच्या अलीकडे पुढच्या ट्रकच्या चाकातून खडा उडाला आणि काचेवर चांदणी उमटली. चारशे डॉलर गेले. तेव्हा विचाराल तर असं विचारा: काच, टायर, छत, गाडीचं पोट यांचं काय? चुकीचं इंधन भरलं तर? कोणते रस्ते बंद? क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड आणि नाइन्टी माइल बीच बऱ्याच करारांत वर्ज्य असतात. तिथं गेलात की विमा संपला.

माणसाच्या दुखापतीचं न्यूझीलंडमध्ये वेगळं आहे. चूक कुणाचीही असो, तिथल्या उपचाराच्या खर्चाला सरकारी एसीसी योजना (अपघात भरपाईची) हातभार लावते, पाहुण्यांच्यासुद्धा. पण घरी परतायचा खर्च ती देत नाही, त्यासाठी प्रवास विमा हवाच. अमेरिकेत उलटं. तिथं समोरच्याच्या नुकसानीचं किमान संरक्षण राज्यागणिक बदलतं आणि तोकडं पडू शकतं. तिथं आधी तोच आकडा विचारा.

चावी हातात आली की सामान भरायची घाई नको. गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा: बंपरचे कोपरे, चाकांच्या रिमा, काच, इंधनाचा काटा, किलोमीटर. जुना ओरखडा त्यांच्या कागदावर लिहून घ्या. आर्थर्स पासच्या घाटात थांबलात तर गाडीवर लक्ष ठेवा, किआ नावाचे पोपट वायपरचं रबर ओढून काढतात. आमच्याकडे माकडं केळीवर येतात, तिकडे पोपट गाडीवर!

परत देताना टाकी करारात म्हटल्याएवढी भरा आणि पंपाची पावती जपा. माणूस हजर असताना गाडी दाखवा, ‘नुकसान नाही’ असं लिहून मागा. अडकलेलं डिपॉझिट सुटायला काही दिवस जातात. वेगाचा दंड मात्र मागाहून कार्डावर येतो, वर गाडीवाल्याची फी लावून. आमच्या जावईबापूंना तो आम्ही रावेरला परतल्यावर कळला.